कावळा शिवतो तेव्हा



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रकारची माणसे भेटली. काही म्हणाले, "बाई, हा विषय दवाखान्यातला, मांडवात कशाला?" आणि काहीजणी, त्यांत सत्तरी उलटलेल्या दोघी होत्या, बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आम्हांला जन्मभर कुणी सांगितलेच नाही हो. सांगून टाका एकदाचे." दुसऱ्यांची संख्या जास्त भरली, म्हणून मी उभी आहे. समोर पुरुषमंडळीही पुष्कळ दिसतात. त्यांनी संकोचू नये. ज्या घरात ते राहतात त्या घरातलीच ही गोष्ट आहे.

मी सहा-सात वर्षांची असताना आमची आई महिन्यातून तीन दिवस मागच्या पडवीत बसत असे. तिच्याजवळ जायला निघाले की आजी हात धरून मागे ओढी आणि म्हणे, "शिवू नकोस, तिला कावळा शिवलाय." त्यामुळे माझा सगळा राग कावळ्यावर. अंगणात कावळा दिसला की मी खडा उचले. हा मेला येतो, आईला शिवतो आणि मग रात्री मला आजीजवळ निजावे लागते! पुढे यथाकाल मलाही तो शिवला आणि कळले, की या साऱ्या प्रकरणाशी कावळ्याचा काडीचाही संबंध नाही. बिचाऱ्यावर उगाच आळ आला होता.

नंतर वैद्यक शिकले, गेली चाळीस वर्षे स्त्रियांचा दवाखाना चालवते आहे. तेव्हा लक्षात आले, की या प्रकरणात कावळ्यासारखाच आणखी एक निरपराध आहे. तो म्हणजे गर्भाशय, आपल्या बायकांच्या भाषेत 'पिशवी'. रक्त तिथून येते म्हणून दोष तिचा, असे आपण धरून चालतो. पाळी चुकली, पिशवीत बिघाड. अंगावरून जास्त गेले, पिशवी खराब. वस्तुतः या कारखान्यात पिशवी ही सर्वांत खालच्या पायरीवरची चाकर आहे. वरून हुकूम येतो तसे ती करते. हुकूम येणे थांबले की काम टाकून देते. ते हुकूम कोण देतो, कसे देतो आणि ते चुकले म्हणजे काय होते, एवढेच आज सांगायचे आहे.

हुकूम म्हटले की आपल्याला मज्जातंतू आठवतात. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांचीही हीच समजूत होती, की बीजकोशाकडून गर्भाशयाला मज्जातंतूंच्या वाटे काही इशारा जात असावा. बीजकोश म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असलेल्या, बदामाएवढ्या दोन ग्रंथी. स्त्रीबीजे त्यांत असतात. १८९६ साली व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशाच्या मादीचे बीजकोश मूळ जागेवरून काढले आणि त्याच मादीच्या शरीरात दुसऱ्याच जागी रुजवले. जुने मज्जातंतू अर्थातच तुटले. बीजकोश काढून टाकले तर गर्भाशय सुकून जाते, हे माहीत होते. इथे ते सुकले नाही. याचा अर्थ निरोप तारेने जात नव्हता. रक्तात मिसळून टपालाने जात होता. अशा रक्तावाटे जाणाऱ्या निरोप्याला इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हे नाव दिले. तो शब्द त्यांनी प्रथम योजला तोही एका व्याख्यानातच, हे इथे सांगायला मला बरे वाटते. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे, प्रेरणा देणे. आपण मराठीत संप्रेरक म्हणतो. शब्द चांगला आहे.

याहून विलक्षण प्रयोग १९४० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. माणसाप्रमाणे पाळी येणारे प्राणी फार थोडे. त्यांत माकडे आहेत. उत्तर हिंदुस्थानात गावोगाव दिसणारे तांबड्या तोंडाचे ऱ्हीसस माकड हे त्यांतले. १९७८ साली भारत सरकारने निर्यात बंद करीपर्यंत ही माकडे परदेशी प्रयोगशाळांत मोठ्या संख्येने जात. मार्की नावाच्या शास्त्रज्ञाने काय केले, तर अशा माकडिणीच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे बारीक कपटे तिच्याच डोळ्यात, पारदर्शक पडद्यामागे रुजवले. डोळा म्हणजे जणू काचेची खिडकी. भिंग लावून तो दिवसेंदिवस पाहत बसला. कपटे रुजले, वाढले, लालसर झाले. आणि ज्या वेळी माकडिणीला पाळी आली, त्याच वेळी डोळ्यातल्या त्या कपट्यातूनही रक्त आले!

गर्भाशयापासून इतक्या दूर, डोळ्यात रुजवलेल्या त्या तुकड्याला कुणी सांगितले की आज तो दिवस आहे? रक्तातून जो निरोप खाली पोचला, तोच वरही पोचला. आणि हे घडते कसे तेही मार्कीने डोळ्यांनी पाहिले. अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या मळसूत्राप्रमाणे पीळदार असतात. रक्त येण्याच्या काही तास आधी त्या आवळून बसतात. अस्तराचा वरचा थर उपाशी राहतो, गळतो. मग धमनी क्षणभर सैल पडते, थोडे रक्त झिरपते, ती पुन्हा आवळते. वर्षानुवर्षे ज्याला साठलेली घाण, शरीरातला मळ असे म्हटले, ते हे. यात मळ कुठेच नाही. गर्भासाठी अंथरलेली गादी, पाहुणा आला नाही म्हणून गुंडाळलेली. त्यातले रक्त बोट कापल्यावर येते तेच. सरासरीने ते एका पाळीला तीस-चाळीस मिलिलिटर असते, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. ऐंशीच्या वर गेले तर ते जास्त समजायचे. ज्या एवढ्याशा रक्तापायी आमच्या आईने आयुष्यातली काही वर्षे पडवीत काढली, ते मोजून पाहायचे कुणाला सुचले नव्हते. गडचिरोलीकडे आजही काही गावांत गावाबाहेरच्या कुर्माघरात बायका ते दिवस काढतात. तिथे साप-विंचवाचे भय असते.

आता गादी घालण्याचा हुकूम आणि गुंडाळण्याचा हुकूम, हे दोन निरोप पाहू. पहिला निरोप सापडला तो कसायखान्यातून आणलेल्या डुकरिणींच्या बीजकोशांत. अमेरिकेत सेंट लुइस येथे १९२३ साली एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी बीजकोशांतल्या पाण्याच्या फुगवट्यांतला द्रव काढून तो उंदरांना टोचला आणि त्याचा परिणाम दाखवून दिला. पुढे १९२९ मध्ये डॉइझी यांनी, आणि जर्मनीत बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे, त्यातले एक संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. या कुटुंबातल्या संप्रेरकांना ईस्ट्रोजेन म्हणतात. त्याच १९२९ साली रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी (हे ॲलन दुसरे, गल्लत करू नये) दुसऱ्या निरोप्याचा छडा लावला. ते प्रोजेस्टेरॉन. नावे परकी आहेत, पण दोनच आहेत. तेवढी लक्षात ठेवा.

महिन्याचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण आपण स्राव संपल्यापासून मोजतो. या दिवसांत बीजकोशात काही बीजे एकदम वाढीला लागतात. प्रत्येक बीज एका पाणीदार फुगवट्यात असते, त्याला पुटिका म्हणतात. आठवडाभरात त्यांतली एक पुढे निघून जाते, बाकीच्या विरून जातात. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्याजवळ दहा-वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सबंध आयुष्यात जेमतेम चार-पाचशे पूर्ण पिकून सुटतात. निसर्गाची उधळपट्टी पाहून आपल्या लग्नसराईतला खर्च मला काटकसरीचा वाटू लागतो.

वाढणारी पुटिका ईस्ट्रोजेन सोडते आणि त्या हुकमाने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. मग पुटिका फुटते, बीज बाहेर पडते. एवढ्यावर तिचे काम संपत नाही. रिकाम्या झालेल्या पुटिकेचे रूप पालटते, ती पिवळी पडते. तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन करतो. त्याच्या हुकमाने वाढलेले अस्तर रसरशीत आणि स्थिर होते, गर्भाला धरून ठेवण्याजोगे होते. शरीराचे तापमानही तेवढ्या दिवसांपुरते सेल्सिअसच्या मापाने तीन ते पाच दशांश अंशांनी चढते. गर्भ राहिला, तर तो पहिल्या काही दिवसांतच आपले स्वतःचे एक संप्रेरक आईच्या रक्तात धाडतो आणि पीतपिंडाला कळवतो, की मी आलो आहे, काम थांबवू नको. लघवीच्या तपासणीत आपण जे शोधतो ते हेच. तो निरोप आला नाही, तर पीतपिंड सुमारे चौदा दिवसांनी आटोपतो. प्रोजेस्टेरॉन ओसरते. मग पीळदार धमन्या आवळतात, आणि कावळा शिवतो.

म्हणजे पहा, पाळी हे काही घडल्याचे लक्षण नाही; काहीतरी यायचे थांबल्याचे लक्षण आहे. ही गोष्ट पटत नसेल तर घरातलाच एक प्रयोग सांगते. गौरी-गणपती, सत्यनारायण, मुंज, लग्न, काहीही जवळ आले की आमच्या दवाखान्यात बायकांची रीघ लागते: "डॉक्टर, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." ती गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे एक कृत्रिम संप्रेरक. पाळीच्या तीन-चार दिवस आधी ते सुरू केले की पीतपिंड आटोपला तरी अस्तराला वाटते, हुकूम अजून चालू आहे. ते थांबून राहते. गौरी विसर्जन होते, गोळी बंद होते, आणि दोन-तीन दिवसांत स्राव सुरू. कॉर्नरसाहेबांचा सिद्धांत आमच्या बायका दर भाद्रपदात पडताळून पाहतात! कधीमधी, डॉक्टरने तपासून दिली तर ही गोळी घ्यायला हरकत नसते; पण पाय सुजण्याचा, रक्त गोठण्याचा इतिहास असेल तर धोका आहे. दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. देवाला हे चालते की नाही ते मला ठाऊक नाही. मात्र डोळ्यात अस्तर रुजवलेल्या त्या माकडिणीचा कोणता अवयव विटाळलेला समजायचा, हे मी एका गुरुजींना विचारले होते. त्यांनी हसून विषय बदलला.

गणिताची एक गोष्ट सांगून पुढे जाते. बीज केव्हा सुटते? आपल्या मनुस्मृतीने ऋतुकाल सोळा रात्रींचा धरला, आणि सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी अशीही वाटणी केली. ही वाटणी निराधार आहे. मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरते, रात्रीच्या क्रमांकावर नव्हे. युरोपातले डॉक्टर तरी काय, एकोणिसाव्या शतकात ते कुत्रीवरून ताडा बांधत. कुत्रीला रक्त दिसते ते माजाच्या आरंभी, बीज सुटण्याच्या आधी. स्त्रीला दिसते ते बीज वाया गेल्यानंतर. दोन्ही रक्ते एकच समजून त्यांनी जोडप्यांना सल्ला दिला, की महिन्याचा मधला काळ सुरक्षित! हा सल्ला मानून किती पाळणे हलले, त्याची नोंद नाही. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हाही बीज सुटण्याचा दिवस निश्चित ठरलेला नव्हता. तो ठरवला जपानमधल्या नीगाता येथील शल्यवैद्य ओगिनो यांनी, १९२४ साली. शस्त्रक्रियेच्या वेळी ते बीजकोश स्वतः पाहत आणि त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहत. त्यांना आढळले, की मागच्या पाळीपासून मोजून उपयोग नाही; पुढच्या पाळीपासून उलटे मोजले पाहिजे. पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी बीज सुटते.

कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. पीतपिंडाचे आयुष्य बरेचसे ठरलेले, सुमारे चौदा दिवसांचे. कमीजास्त होतो तो आधीचा, पुटिका पिकण्याचा काळ. ज्या बाईची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचे बीज चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. पण पुढची पाळी कधी येणार, हे आधी कुणाला ठाऊक? म्हणून मूल नको असणाऱ्यांनी या गणितावर विसंबू नये. पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते, ही गोष्टही त्यात मिळवा. मूल हवे असणाऱ्यांना मात्र हे गणित फार उपयोगी पडते.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. बीजकोशाला तरी हुकूम कोण देतो? मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी लोंबते. ती दोन संप्रेरके सोडते. एक पुटिका वाढवते, दुसरे पिकलेली पुटिका फोडते. बीजकोशही वर निरोप पाठवतो. घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. तसे ईस्ट्रोजेन वाढले की पियूषिका आपला हात आवरते. इथपर्यंत सोपे आहे. पण महिन्याच्या मध्यावर एक आश्चर्य घडते. पिकलेल्या पुटिकेचे ईस्ट्रोजेन पुष्कळ वर चढून दोनेक दिवस तिथेच टिकले, की गोळा उलटा फिरतो. नळ बंद व्हायच्या ऐवजी सगळा उघडतो. पियूषिकेचे दुसरे संप्रेरक लोंढ्यासारखे येते आणि त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी बीज सुटते. म्हणजे बीज सुटण्याचा मुहूर्त मेंदू ठरवत नाही. पिकलेले बीजच आपण तयार असल्याचे वर कळवते. या भागाबद्दल मला इतक्या वर्षांनंतरही कौतुक वाटते.

पियूषिकेच्याही वर मेंदूचा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. त्याचा निरोप इतका अल्प की तो ओळखण्यासाठी शॅली यांच्या प्रयोगशाळेला लाखाहून अधिक डुकरांचे मेंदू लागले. १९७१ साली त्याची घडण कळली आणि १९७७ मध्ये शॅली आणि गियमँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या त्याच पारितोषिकात तिसरा वाटा होता रोझलिन यालो या बाईंचा. रक्तातली एवढीशी संप्रेरके मोजण्याची रीत त्यांनी बर्सन यांच्यासह शोधली होती. पुढे पिट्सबर्ग येथे क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींचा हा मेंदूचा भाग निकामी केला. पाळी बंद पडली. मग त्यांनी बाहेरून तो निरोप टोचून पाहिला. सतत धार लावली, तर पियूषिका उलट गप्प बसली. दर तासाला सहा मिनिटे, मग थांबायचे, पुन्हा दर तासाला सहा मिनिटे, असे केले तेव्हा सारे चक्र पुन्हा फिरू लागले. १९७८ साली हे प्रसिद्ध झाले. दारावर थाप थांबून थांबून पडली तर आपण दार उघडतो. अखंड बडवत राहिले तर कानात बोटे घालतो. पियूषिकेचेही तसेच.

हा थाप देणारा मेंदूचा भाग भूक, चिंता, थकवा यांच्याशी जोडलेला आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचे अन्न तोडले, तेव्हा तिथल्या कितीतरी स्त्रियांची पाळी थांबली. गर्भाशये जागच्या जागी धडधाकट होती. आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आधी पाळी चुकलेल्या मुलींना घेऊन आया घाबऱ्याघुबऱ्या येतात. तपासणी करावीच, पण पुष्कळदा त्या मुलीच्या पिशवीत काही नसते, तिच्या डब्यात आणि झोपेत उणे असते.

साखळीतला सर्वांत मोठा घोटाळा मात्र तेव्हा होतो, जेव्हा बीजच सुटत नाही. बीज नाही, म्हणून पीतपिंड नाही. पीतपिंड नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. एकटे ईस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहते. त्याला स्थिर करणारे कुणी नाही आणि ठरल्या दिवशी माघारी बोलावणारेही नाही. ते आपल्याच भाराने कुठेकुठे गळू लागते. पाळी दोन महिने चुकते आणि आली की पंधरा दिवस थांबत नाही. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मुलींना हे होते, आणि चाळिशीच्या पुढे, पाळी जायच्या सुमारास पुन्हा होते. मधल्या वयात ज्यांना बीजकोशात अनेक पुटिका अडून राहण्याचा विकार असतो, त्यांनाही होते. इथे उणीव आहे ती प्रोजेस्टेरॉनची. ते गोळ्यांनी देता येते, गर्भाशयात बसवण्याच्या तांबीसारख्या साधनातूनही देता येते. गाठी असतील, कर्करोगाची शंका असेल, तर शस्त्रक्रिया लागते, याबद्दल वाद नाही. पाळी कायमची गेल्यावर वर्ष उलटून पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही न दवडता तपासून घ्यावे. पण नुसते अंगावरून जाते म्हणून पिशवीला शिक्षा, हा न्याय नव्हे.

आणि आपल्या महाराष्ट्रात ही शिक्षा झाली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली. ऊसतोडीला जाणारी, वय बत्तीस. म्हणाली, "बाई, अंगातून वाफा निघतात. रात्री घामाने लुगडं भिजतं. हाडं दुखतात. कोयता उचलवंना." मी पाळीचे विचारले. म्हणाली, "पिशवी काढली की चार वर्सांमागं. डॉक्टर म्हनले, खराब झालीया, ठिवली तर कॅन्सर होईल." तिने पिशवीतून कागद काढून दाखवला. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढलेले होते. वय अठ्ठावीस! जे पन्नाशीच्या आसपास सावकाश व्हायचे, ते तिला एका दुपारी झाले. मी तिला समजावले की हा दाह ईस्ट्रोजेन तुटल्याचा आहे. ती म्हणाली, "मंग पिशवीचा काय गुन्हा हुता?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तिच्यासारख्या किती, हे २०१९ साली बाहेर आले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. त्यानंतरच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली; म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशभराच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन आहे. ऊसतोडीची रीत तुम्हांला ठाऊक असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. अशा बाईला पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. तिला कुणी सांगितले की हे कायमचे मिटवता येते, तर ती कर्ज काढून मिटवते. पिशवी ठेवून तिचा त्रास गोळ्यांनी आवरला असता, हे तिला कुणी सांगितले नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांनीही नाही. बीजकोश राखून नुसती पिशवी काढली, तरी काहींची रजोनिवृत्ती लवकर येते. बीजकोशही काढले तर हाडे झिजणे आणि हृदयाचे विकार कोवळ्या वयात दारात येऊन बसतात.

मी त्या बाईला संप्रेरके सुरू केली, कॅल्शियम दिले. पुढच्या दसऱ्याच्या आधी ती पुन्हा आली, टोळीबरोबर जाण्यापूर्वी औषध न्यायला. वाफा थांबल्या होत्या. बरोबर चौदा वर्षांची मुलगी होती. आई म्हणाली, "हिला आत्ताच सांगून ठिवा सारं." तासभर मी त्या मुलीला हेच सांगितले, जे आज तुम्हांला सांगते आहे. कागदावर गोळे काढून दाखवले. तिने एकच विचारले, "मंग दुखतं कशानं?" अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सुटते, त्याने पिशवीचे स्नायू आवळतात, म्हणून दुखते, आणि त्यावरची साधी गोळी दुखू लागताच, जेवून घेतली तर बहुधा भागते. हेही तिला सांगितले. आणि तिचे रक्त तपासायला लावले. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. हिचेही कमीच निघाले.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. मांडवाच्या दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. प्रश्न लिहून पाठवा. नाव घालण्याची जरुरी नाही. वेळ पुरला नाही, तर उद्या सकाळी दहा ते बारा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. मुलींना घेऊन या. वडिलांनी आणले तरी चालेल.